किलुंगला उतरायचं

चांग-गिलच्या सत्तरीला हॉटेलात मेजवानी न करता आई-बाबांना कुठेतरी फिरायला पाठवायचं, असं त्याच्या मुलीने ठरवलं. सोरा तेजॉनला असते. वाढदिवसाच्या सकाळी ती पहिल्या गाडीने आली, आईने वाढदिवसाच्या रीतीप्रमाणे केलेलं समुद्री शेवाळाचं सूप तिघांनी प्यायलं, आणि भांडी उचलायच्या आधीच तिने विषय काढला.

"बोला, कुठे जायचं? जेजू, व्हिएतनाम, कुठेही. मी बुकिंग करते."

"कुठेही चालेल," चांग-गिल म्हणाला. "फक्त बोट नको."

"मला बोटीनेच जायचंय," बुन-ही म्हणाली.

चांग-गिलला वाटलं ती गंमत करतेय. तो हसला. सोराही हसली. बुन-ही मात्र सूपाचं भांडं घेऊन उठली आणि नळाखाली धरत म्हणाली, "पलीकडे त्या मोठ्या पांढऱ्या बोटी लागतात ना, त्यातल्या एकीने. म्हातारे म्हातारे जोडीने चढतात, मी बघते की." तेव्हा कुठे दोघांना कळलं की ती खरंच मागतेय. सोराच्या आठवणीत आईने स्वतःसाठी काही मागितलेलं हे पहिलंच.

चांग-गिल आणि मी एका शाळेत होतो, आणि आता त्याच्याच इमारतीच्या तळाशी माझी लाँड्री आहे. दोघंही वेगवेगळ्या वेळी येऊन स्टुलावर बसतात. पुढे जे सांगतोय त्यातलं अर्धं मला त्याच्याकडून कळलं, अर्धं तिच्याकडून, आणि ती दोन्ही अर्धी बऱ्यापैकी जुळतात.

बुसानच्या आमच्या योंगदो बेटावर दर दोन घरांत एक दर्यावर्दी. चांग-गिल मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होता. लग्न झालं आणि महिन्याभरात तो निघून गेला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्याचं तेच चाललं, वर्षाचा बराचसा काळ समुद्रावर आणि मग थोडे आठवडे घरी, पाहुण्यासारखा. बुन-हीने सासू सांभाळली, मुलगी वाढवली, चढावरचं जुनं घर विकून ह्या इमारतीत फ्लॅट घेतला. तो घेतल्याचं त्याला फोनवर कळलं.

निवृत्त झाल्यावर तो घरी आला तो घरीच राहिला. पहिल्याच महिन्यात त्याने स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्यांना नावांच्या पट्ट्या चिकटवल्या. गॅसच्या नळीची तारीख भिंतीवर लिहिली. फ्रिजचा आवाज ऐकून तो कधी बिघडेल ते सांगू लागला. बुन-ही रोज सकाळी आवरून बाहेर पडायला लागली. पूर्वीपासूनच्या तिच्या मैत्रिणी होत्या, सगळ्या दर्यावर्दींच्याच बायका. त्यांच्याबरोबर डोंगर चढायचा, उतरताना कॉफी प्यायची, जेवायच्या वेळेला घरी. झोपायच्या खोल्या त्यांच्या आधीच वेगळ्या झालेल्या होत्या. तो रात्रीतून दोन-तीनदा उठायचा, जहाजावरच्या पाळीची सवय, आणि घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरला हात लावून बघून यायचा.

तर बोटीने जायचं ठरलं. सोराने नाम्पो-दोंगमधल्या एका ट्रॅव्हल कंपनीचा पत्ता दिला आणि पुढच्या आठवड्यात दोघं तिथे गेले. ग्युरी नावाची तरुण मुलगी होती, बोलायला गोड. तिने टेबलावर बोटीचा नकाशा पसरला, मजल्यामागून मजले, प्रत्येक केबिनचा चौकोन रंगवलेला.

चांग-गिलने चष्मा लावला आणि नकाशा स्वतःकडे फिरवून घेतला. "इंजिन इथे असणार," तो बोट ठेवून म्हणाला. "शाफ्ट असा मागे जातो. म्हणजे इथपासून इथपर्यंत घरघर."

"काका, आजकाल आवाज येतच नाही," ग्युरी म्हणाली.

"येत नाही म्हणजे? बोट चालते ना?"

"चालते हो."

"मग येतो."

त्याचं म्हणणं, केबिन खालच्या मजल्यावर, बरोबर मध्यावर, आतल्या बाजूची घ्यायची. तिथे बोट सगळ्यात कमी हलते. आतल्या केबिनला खिडकी नसते, हे ग्युरीने सांगितलं. "खिडकी कशाला हवी?" तो म्हणाला. "बाहेर पाणीच असतं."

"मला बाल्कनी हवी," बुन-ही म्हणाली.

"तुला मळमळेल."

"मळमळू दे. बाल्कनीत मळमळेल."

ग्युरीने हसू दाबलं आणि पलंग एकत्र हवेत की वेगळे, असं विचारलं. दोघं एकाच वेळी "वेगळे" म्हणाले. त्या दिवशी त्यांचं एकमत झालेली ती एकच गोष्ट.

मग मार्ग निघाला. बुसानहून निघायचं, तैवानला किलुंग, पुढे ओकिनावा आणि परत. किलुंगचं नाव ऐकल्यावर बुन-हीचा चेहरा उजळला, असं चांग-गिल मला म्हणाला. त्याला तेव्हाच उठून जावंसं वाटलं होतं.

"किलुंगला उतरल्यावर सहल घ्यायची का?" ग्युरीने विचारलं. "बस असते, कोरियन बोलणारा गाईड असतो. नाहीतर चुकायला होतं."

"छे, आम्हाला कशाला गाईड," बुन-ही म्हणाली. "ह्यांना किलुंग पाठ आहे. देवळासमोरचा बाजार, वर पिवळे कंदील. एक म्हातारा माशाचे रोल तळतो, एक डोळा मिटून. डोंगरावर ती पांढरी मूर्ती. हे फोनवर सांगायचे आणि मी लेकीला सांगायचे. तेवढं ऐकल्याशिवाय झोपायची नाही ती."

"अरे वा," ग्युरी म्हणाली. "म्हणजे काकाच गाईड."

"सहल घ्या," चांग-गिल म्हणाला.

"कशाला उगाच?"

"घ्या म्हणतोय ना."

"अहो, तुम्हाला एवढं माहीत असताना—"

"मी किलुंगला उतरलेलो नाही."

ग्युरी हातातलं पेन उघड-बंद करत होती, ते तिने थांबवलं. बुन-हीने नवऱ्याकडे पाहिलं. तो नकाशाकडे बघत होता.

"उतरलेला नाहीत म्हणजे?"

"जहाज लागायचं तिथे. बऱ्याचदा लागलं. मी उतरायचो नाही."

"मग ते कंदील कोणी बघितले?"

"थर्ड ऑफिसरने. तो फिरून यायचा आणि जेवायला बसल्यावर सांगायचा."

"आणि तो म्हातारा?"

"तोही त्यानेच."

बुन-हीने पर्स मांडीवर घेतली. ती रागावली होती असं नाही, ती मला म्हणाली. तिला आधी हिशोब लागत नव्हता.

"मग तुम्ही कुठे असायचात?"

"खाली," चांग-गिल म्हणाला. "अगं, बंदराला लागल्याशिवाय इंजिन बंद होत नाही, आणि बंद होऊन थंड झाल्याशिवाय उघडता येत नाही. बाकीचे उतरले की आमचं काम सुरू. काम संपेपर्यंत निघायची वेळ."

"फोन तर तिथूनच करायचात."

"शिडीच्या पायथ्याशी, धक्क्यावरच फोनचा डबा असायचा. तिथपर्यंत उतरायचो."

"रिओ?"

"नाही."

"रॉटरडॅम?"

"एकदा. दाताच्या डॉक्टरकडे."

"आणि तो रेशमी स्कार्फ? निळा?"

"सामानवाले यायचे जहाजावर. त्यांच्याकडून."

"म्हणजे निवडला पण नव्हता."

"निवडला होता," चांग-गिल म्हणाला. "तीन होते त्याच्याकडे."

बुन-हीने पर्सचा पट्टा खांद्यावर घेतला. मग म्हणाली, "खोटं कशाला सांगायचं? खरं काय होतं ते सांगायचं होतं."

"काय सांगणार? फोनला रांग असायची मागे. पंप बदलला, हे सांगू?"

"हो," ती म्हणाली. "पंप सांगायचा होता."

ती उठली, ग्युरीला "त्रास दिला तुला" म्हणाली आणि जिना उतरून गेली. चांग-गिलने नकाशाची घडी घातली, ती नीट बसेना, म्हणून परत घातली, आणि तोही निघाला. बसमध्ये ती पुढे बसली, तो मागे. योंगदोच्या पुलावरून बस जाताना तिने एकदाही खिडकीबाहेर पाहिलं नाही, हे त्याने मागून पाहिलं.

पुढचे काही दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलत होती. जेवण वेळेवर होतं. बरण्यांवरच्या पट्ट्या मात्र तिने काढून टाकल्या. कोणत्या बरणीत काय ते त्याला आता झाकण उघडून बघावं लागायचं.

डोंगरावर तिने हे मैत्रिणींना सांगितलं. माल-सुक नावाची त्यांच्यात एक आहे, नवरा गेलेला, जिभेला हाड नाही. तिने सगळं ऐकून घेतलं, काकडीचा तुकडा चावला आणि म्हणाली, "सोराची आई, तुझा उतरत नव्हता म्हणून तू रडतेस? माझा प्रत्येक बंदरात उतरायचा."

बाकीच्या बायका फिदीफिदी हसायला लागल्या.

"हसू नका गं. मनिलाहून आला की आठ-आठ दिवस त्याच्या शर्टाला वास यायचा. मी काय विचारणार, कुठला साबण? तुझा बिचारा खाली तेलात बसून तुझ्यासाठी दुसऱ्याच्या गोष्टी गोळा करत होता. मला द्या असला."

"तुला देते, घेऊन जा," बुन-ही म्हणाली. "बरण्यांसकट ने."

"बरण्या नकोत."

ती हसली खरी, पण राग गेला नव्हता. लाँड्रीत येऊन बसली तेव्हा मला म्हणाली, "भाऊजी, माणूस लांब होता ह्याचं मला कधी काही वाटलं नाही. कुठे आहे ते माहीत होतं. पिवळ्या कंदिलांच्या बाजारात आहे, खातोय, फिरतोय. आता कळतं, तिथे कोणी नव्हतंच." मी इस्त्री करत होतो. शर्टाची कॉलर उलटवली.

दर वसंतात सुक्या आँचोवीचा, म्हणजे बारीक मासळीचा, मोठा खोका घेणं हे त्यांच्या घरी ठरलेलं. सूपाच्या पाण्यासाठी मासे आधी साफ करावे लागतात, डोकं मोडायचं, पोटातलं काळं काढायचं, उरलेलं पिशवीत. वेळखाऊ काम आहे. बुन-हीने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि खोका ओतला. चांग-गिल न सांगता समोर येऊन बसला आणि मोडायला लागला. त्याची बोटं जाड आहेत, पण काम नेटकं.

वर्तमानपत्रावर डोक्यांचा ढीग वाढत गेला. मग तिने मान वर न करता विचारलं, "तो कुठला पंप?"

"कुठला?"

"बदललेला. किलुंगला."

चांग-गिलने जरा आठवलं. मग सांगायला लागला. समुद्राचं पाणी आत घेणारा पंप. त्यात शिंपले वाढतात, बारीक-बारीक, पाण्याबरोबर आत येतात आणि चिकटून बसतात. ते खरवडायचे. एकदा एक जिवंत खेकडा निघाला होता, अंगठ्याएवढा, त्याला बादलीत ठेवला होता. गरमी इतकी की घड्याळाचा पट्टा कुजायचा, म्हणून कोणी घड्याळ घालायचंच नाही. त्याच्या हाताखाली एक बर्मी माणूस होता, तो काम करताना गुणगुणायचा आणि इंजिन बंद असलं तरच ते ऐकू यायचं. त्यामुळे बंदराला लागलं की आधी ते गुणगुणणं, मग बाकी सगळं.

तिला त्यातलं निम्मं कळलं नाही. "व्हॉल्व्ह म्हणजे काय?" तिने विचारलं. त्याने माशांची डोकी मांडून दाखवलं.

"आईंना पण सांगायचे मी," ती मग म्हणाली.

"काय?"

"किलुंग. त्या अंथरुणाला खिळल्यावर. पाठ पुसताना त्यांना काहीतरी ऐकायला लागायचं. तळणाऱ्या म्हाताऱ्याचं परत-परत सांगायला लावायच्या."

चांग-गिलचे हात थांबले. आईच्या कानावर हे गेलंय, हे त्याला माहीत नव्हतं. आई गेली तेव्हाही तो कुठल्या तरी महासागराच्या मध्यावर होता.

"काय म्हणायची?"

"म्हणायच्या, पोरगं सुखात आहे."

त्याने एक मासा उचलला, ठेवला. चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागला. हातांना मासळी लागलेली, त्यामुळे काच आणखीच बरबटली. बुन-हीने त्याच्या हातातून चष्मा घेतला, नळाखाली साबणाने धुतला, पुसून त्याच्यापुढे ठेवला आणि पुन्हा कामाला बसली.

खोका संपायला तीन दुपारी लागल्या. त्या तिन्ही दुपारी तो बोलत होता. तेवढा तो मला आयुष्यात कधी बोललेला आठवत नाही.

त्यानंतर ती स्वतःच ग्युरीकडे गेली, त्याला घेऊन. मधल्या दिवसांत बाल्कनीच्या केबिन संपल्या होत्या. आतल्या बऱ्याच शिल्लक होत्या, आणि मधल्या प्रकारातली एक होती, खिडकी असलेली पण न उघडणारी.

"बघ, मी म्हणत होतो आतली घे," चांग-गिल म्हणाला.

"खिडकीची द्या," बुन-ही म्हणाली.

"आणि किलुंगची सहल?" ग्युरीने जपून विचारलं.

चांग-गिल "घेऊ" म्हणणार, तेवढ्यात बुन-ही म्हणाली, "नको. दोघांनीही बघितलेलं नाही ना, मग गाईडने कशाला दाखवायचं? चुकलो तर चुकलो."

"बोट थांबत नाही कोणासाठी," चांग-गिल म्हणाला.

"तुम्हाला वेळेवर चढायची सवय आहे. उतरायचं तेवढं मी शिकवते."

मग तयारी सुरू झाली. सोराने फोन करून एका संध्याकाळी कोट घालून जेवायला बसावं लागतं, असं सांगितलं. चांग-गिलचा कोट सोराच्या लग्नातला, तो माझ्याकडे आला. पोटाकडून मीच जरा आत घेतला, कारण तो बारीक झाला होता आणि जुना शिंपी आता नाही. सोराने बोट लागू नये म्हणून कानामागे लावायच्या पट्ट्या पाठवल्या, दोघांसाठी. त्याचा चांग-गिलला अपमान वाटला. "मला?" तो म्हणाला. "मी वादळात सूप प्यायलोय." बुन-हीने दोन्ही पाकिटं बॅगेत टाकली. बॅग भरताना त्याने टॉर्च, पक्कड आणि दोऱ्याचं बंडल आत ठेवलं, तिने ते बाहेर काढलं, त्याने टॉर्च परत ठेवला. तिने तो राहू दिला.

निघायच्या दिवशी मी दुकान बंद करून त्यांची बॅग बसपर्यंत नेली. बंदर आमच्याच बेटावर, आठ-दहा थांब्यांवर. शेजारपाजारचे लोक भाजी घेऊन त्याच बसमध्ये. कोणीतरी विचारलं, "कुठे निघालात एवढी बॅग घेऊन?" बुन-ही म्हणाली, "तैवानला." ते माणूस "बरं बरं" म्हणालं आणि बाजाराच्या थांब्यावर उतरलं.

प्रवासाचं मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. पहिल्या रात्री बुन-हीला गाढ झोप लागली. चांग-गिलला लागेना. पायाखाली काही थरथरतच नव्हतं, त्यामुळे काहीतरी बिघडलंय असं त्याला वाटत राहिलं. सकाळी त्याने एका कर्मचाऱ्याला इंजिनरूम बघता येईल का विचारलं. त्याने नम्रपणे नाही सांगितलं. न्याहारीला इतके पदार्थ होते की बुन-हीने आधी सगळ्यांभोवती एक फेरी मारली आणि भातच घेतला.

किलुंगला पाऊस होता. दोघं छत्री घेऊन शिडीवरून उतरले. बाजार सापडला, पण सकाळची वेळ, अर्धी दुकानं बंद, कंदील होते पण विझलेले. "थर्ड ऑफिसर रात्री यायचा," चांग-गिल म्हणाला. माशाचे रोल मिळाले. तळणारी एक तरुण मुलगी होती, दोन्ही डोळे उघडे. एक रोल दोघांत खाल्ला. बुन-हीला आवडला नाही. चांग-गिलने दुसरा घेतला. पांढऱ्या मूर्तीकडे जायचं ठरवून ते निघाले आणि चुकले, आणि हार्डवेअरच्या दुकानांच्या एका गल्लीत पोचले. तिथे चांग-गिल एका दुकानासमोर उभा राहिला तो हलेना. व्हॉल्व्ह, नट, पितळी जोड, सगळं दोरीला टांगलेलं. भाषा येत नसताना तो दुकानदाराशी बोलायला लागला, हातांनी. दुकानदारही हातांनीच उत्तरं देत होता. बुन-हीला दुकानदाराच्या बायकोने स्टूल दिलं, चहा दिला. दोघी पावसाकडे बघत बसल्या. मूर्ती राहिली. परतताना वेळ इतका थोडा उरला की शेवटचा रस्ता त्यांना पळावं लागलं, आणि शिडीपाशी पोचल्यावर बुन-हीला हसू आवरेना. तिथला माणूस कार्ड मागत होता आणि तिला पर्समध्ये हात घालता येत नव्हता, एवढं.

ओकिनावाबद्दल दोघांपैकी कोणीच काही सांगितलं नाही. ऊन होतं म्हणाले.

परत आल्यावर चांग-गिलने कोट आणून टाकला, बाहीवर सोया सॉसचा डाग होता. चार दिवसांनी बुन-ही तो न्यायला आली.

"कशी झाली ट्रिप, वहिनी?"

"पाय दुखले," ती म्हणाली आणि स्टुलावर बसली. "त्यांनी तिथून सोराला फोन केला होता. बाजाराच्या कडेला उभे राहून. पाऊस आहे, दुकानं बंद आहेत, मूर्ती धुक्यात आहे, सगळं सांगत होते. बराच वेळ."

"मग? सोरा काय म्हणाली?"

"म्हणाली, बाबा, पूर्वी छान सांगायचात."

सोराला त्यांनी त्या कंदिलांचं खरं काही सांगितलेलं नाही, आणि सांगतील असं वाटत नाही. बुन-हीने कोट उजेडाकडे धरून बाही पाहिली. डाग थोडा राहिला होता. सोया सॉस आहे, पूर्ण जाणार नाही, असं मी म्हणालो. "चालेल," ती म्हणाली, कोट हातावर टाकला आणि वर गेली.